बाहेरचा पत्ता

केदारनाथचा मेसेज आला तेव्हा मृत्युंजय दुकानात एका म्हाताऱ्याला दोर मोजून देत होता. ‘बॉस, अजून लागत नाहीये. उद्या चारपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर मी भाड्याचा सर्व्हर घेऊन टाकतो. तू टेन्शन घेऊ नकोस.’ पहिली दोन वाक्यं त्यानं गिळली, तिसरं घशात अडकलं. टेन्शन घेऊ नकोस म्हणे. नऊ वर्षांपूर्वी हाच केदारनाथ पुण्याच्या ऑफिसात पहिल्या दिवशी कोणती वायर कुठं जाते ते न कळून घामाघूम उभा होता, आणि त्याच्या हातात चिमटा कसा धरायचा इथपासून ज्यानं शिकवलं त्यालाच तो आज धीर देत होता. धीर देणाऱ्या माणसांची मृत्युंजयला पहिल्यापासून किळस होती. शिव्या देणारा निदान समोरच्याला तोलामोलाचा समजतो. धीर देणारा आधी तुम्हाला खाली बसवतो आणि मग पाठीवरून हात फिरवतो. म्हाताऱ्याला दोर एक वाव जास्त गेला. म्हाताऱ्यानं ते पाहिलं, मृत्युंजयनं ते पाहिलेलं पाहिलं, आणि दोर बगलेत मारून जाता जाता म्हाताऱ्यानं विचारलं, “पुण्याचं काम कसं चाललंय?” “चालू आहे,” मृत्युंजय म्हणाला. केजमध्ये चार वर्षं हा प्रश्न त्याला रोज कोणी ना कोणी विचारत होतं आणि चार वर्षं तो हेच उत्तर देत होता. दोर, कासरे, वेसणी, विळे आणि ऊसतोडीचे कोयते घ्यायला येणारी ही माणसं काहीही सांगा, मान डोलावतात. पालथ्या घड्यावर पाणी, असं तो मनात म्हणायचा आणि त्याला बरं वाटायचं.

खरी गोष्ट अशी होती की पुण्याचं काम नव्हतंच. लॉकडाऊनमध्ये तो कॉम्प्युटर घेऊन घरी आला, आठ महिन्यांनी कंपनीनं एका सकाळी बारा मिनिटांच्या कॉलवर सतरा जणांना निरोप दिला, त्यात तो होता. घरी त्यानं सांगितलं नाही. दहा ते सहा मागच्या खोलीचं दार लावून बसायचं, मधूनमधून कोणाशी तरी इंग्रजीत बोलायचं, हे त्यानं चालू ठेवलं, आणि बोलायला कोणी नसलं तरी ठेवलं. आप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, गुरुपादआप्पांनी, कधी दार वाजवलं नाही. अकरा महिन्यांपूर्वी आप्पा गेले, दुकान त्याच्या गळ्यात आलं, आणि आता तो पुण्याचं काम सांभाळून दुकानही बघतो म्हणून गल्लीत त्याचं कौतुक होतं. कौतुक करणाऱ्यांची तोंडं बघून त्याला हसू येई. मुली सांगून येत तेव्हा हेच कौतुक पुढं केलं जाई. छत्तीस वर्षांचा घोडा, पण पुण्याच्या कंपनीत आहे, घरूनच करतो. तो प्रत्येक मुलगी नाकारायचा, कारण लग्न झालं की कोणीतरी दार उघडून आत येणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दाराआड जे होतं ते सांगायला सोपं आणि कबूल करायला अवघड होतं. जुना कॉम्प्युटर टेबलाखाली चोवीस तास चालू असायचा आणि त्याच्या पोटात एका खेळातलं शहर होतं. तट होता, बंदर होतं, धान्याची कोठारं होती, डोंगर पोखरून केलेली वाट होती. चार वर्षांपूर्वी त्यानं आणि पुण्याच्या ऑफिसातल्या पाच जणांनी मिळून त्याची पायाभरणी केली. पुढं कोणी हैदराबादला गेलं, कोणाला मुलं झाली, केदारनाथ मॅनेजर झाला. तरी रविवारी चार वाजता सगळे आपापल्या घरून या शहरात उतरायचे. त्या पाचांना मृत्युंजयची नोकरी गेल्याचं माहीत होतं. आता तो काय करतो हे ते विचारत नव्हते. पण गेली दोन वर्षं शहर त्याच्या घरी होतं. दार तो उघडायचा, तो बंद करायचा, कोणी चुकून बुडवलेलं जहाज मागच्या तारखेचं शहर चढवून तोच परत आणायचा, आणि म्हणून ते सगळे त्याला अजून ‘बॉस’ म्हणत होते. आख्ख्या दुनियेत ‘बॉस’ म्हणवून घ्यायला त्याच्याकडं एवढी एकच जागा उरली होती. केदारनाथनं भाड्याचा सर्व्हर घेतला की शहर कुठल्यातरी कंपनीच्या कपाटात जाणार होतं आणि मृत्युंजय आत येणाऱ्या सहांपैकी एक होणार होता; कोपऱ्यात गव्हाची पेरणी करणारा, दोन रविवार आला नाही तर कोणाच्या लक्षात न येणारा. त्या पाच जणांचीही त्याला किंमत नव्हती, ही वेगळी गोष्ट. पस्तिशीची माणसं खोट्या बंदरावर दिवे लावत बसतात, ती कसली माणसं? पण किंमत नसलेल्यांनी आपल्याला टाकावं, यासारखी दुसरी जळजळ नाही.

गेल्या रविवारपासून दार उघडत नव्हतं. बाहेरच्या माणसाला घरातल्या एका विशिष्ट कॉम्प्युटरपर्यंत यायचं तर राउटरला आधी सांगून ठेवावं लागतं, की बाबा रे, अमुक नंबरच्या पोर्टवर कोणी आलं तर त्याला मागच्या खोलीत पाठव. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे एवढंच. दारातल्या गड्याला दिलेली सूचना. दोन वर्षं गड्यानं सूचना मुकाट पाळली होती आणि आता तो पाचही जणांना दारातूनच परत लावत होता. मृत्युंजयनं आठवडाभर त्याचा पिच्छा पुरवला. सूचना पुसून पुन्हा लिहिली. कॉम्प्युटरचा घरातला पत्ता बदलला असेल म्हणून तो कायमचा बांधून टाकला. कॉम्प्युटरवरचा पहारा उठवला. पोर्टचा नंबर बदलून पाहिला. राउटर पार कोरा करून पहिल्यापासून लावला. प्रत्येक वेळी बाहेरून तपासणारं एक पान लाल अक्षरात सांगायचं, पोर्ट बंद आहे. त्याला चीड याची यायची, की हे काम त्यानं कोणाकोणाच्या घरी फोनवरून चुटकीसरशी करून दिलं होतं. नेटवर्कमधल्या माणसाला हे न जमणं म्हणजे हलवायाला साखरेचा पाक न जमण्यासारखं होतं.

त्यात राउटर देवघराच्या वरच्या फळीवर. आप्पांनीच तो तिथं बसवून घेतला होता, कारण इन्व्हर्टरची लाइन तिथवर आली होती. त्याची आई, गंगासागरबाई, पारोशा माणसाला त्या फळीला हात लावू देत नसे. त्यामुळं रविवारी सकाळी सातला, उघड्या अंगावर थंड पाणी ओतून, ओल्या केसांनी तो स्टुलावर चढला आणि राउटरच्या मागची वायर काढून पुन्हा खोचली. खाली आई कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसली होती. तिनं डोळे उघडले नाहीत, तोंडातला जप थांबवला आणि म्हणाली, “आरं, बजरंगाला इचार ना.”

“बजरंग!” मृत्युंजय स्टुलावरूनच म्हणाला. “तो केबल-इंटरनेटवाला, खांबावर चढणारा गडी आहे, आई. दहावी नापास. त्याला पोर्ट म्हणजे काय हे तरी माहीत आहे का?”

“आप्पा तर समदं त्यालाच इचारायचे,” आई म्हणाली आणि पुन्हा जपाला लागली. आप्पा समदं त्यालाच इचारायचे! आप्पा पंचांगवाल्यालाही विचारायचे, एसटीच्या कंडक्टरलाही विचारायचे, दोन बायका बोलत असल्या तर थांबून त्यांनाही विचारायचे. विचारत सुटणं हा आप्पांचा धर्मच होता. दुकानात गिऱ्हाइकाला मागच्या वर्षीची तोड कशी झाली, मुकादम बरा आहे का, बैल कुठला घेतला, हे सगळं विचारून झाल्याशिवाय ते कोयता हातात देत नसत. लहानपणी मृत्युंजय गल्ल्याशेजारी बसून हे ऐकायचा आणि त्याच्या अंगावर काटा यायचा. माणूस इतका स्वस्त कसा काय होऊ शकतो, असं त्याला आठवीत असल्यापासून वाटत आलं होतं. पुण्यात गेल्यावर त्याला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला तो एवढ्यासाठी, की तिथं लिफ्टमध्ये शेजारी उभा राहणारा माणूसही काही विचारत नव्हता. तो स्टुलावरून उतरला. ओल्या पायाचे ठसे देवघरात उमटले, ते आईला पूजा झाल्यावर दिसतील आणि ती काही न बोलता पुसेल, हेही त्याला दिसलं आणि तेही त्याला आवडलं नाही.

दुपारी दीडच्या सुमाराला, दुसरं काही करायचं उरलं नाही म्हणून, त्यानं राउटरचं पहिलं पान उघडलं. जिथं कोणी बघत नाही ते पान. तिथं घराचा बाहेरचा पत्ता लिहिलेला असतो, ज्या आकड्यांवर जग या घराला ओळखतं तो. आकडे शंभरपासून सुरू होत होते. तो बघत राहिला. मग दुसऱ्या खिडकीत त्यानं बाहेरचं पान उघडलं, जे सांगतं की तुम्ही जगाला कुठल्या पत्त्यावरून दिसता. ते आकडे वेगळे होते. म्हणजे घराला स्वतःचा पत्ताच नव्हता. आख्ख्या गावाला मिळून एक पत्ता होता, आणि त्याच्या पोटात हे घर, आतल्या आत वाटलेल्या नंबरावर, हजार घरांसारखं पडून होतं. घरातल्या गड्याला कितीही बजावलं तरी काय होणार? वेशीवरूनच लोक परत जात होते. हे त्यानं पहिल्या मिनिटाला बघायला हवं होतं. नव्या पोरांसाठी पुण्यात त्यानंच एक कागद तयार केला होता, काय बिघडलं तर काय क्रमानं तपासायचं. त्यातली पहिलीच ओळ, जाड अक्षरात, खाली रेघ ओढून: आधी बाहेरचा पत्ता बघा. केदारनाथनं तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. मृत्युंजयनं आता बाहेरचा पत्ता बघितला नाही, कारण आपल्या घराला खरा पत्ता आहे हे त्याला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं स्वतः दोन पानी इंग्रजी अर्ज लिहून बजरंगच्या टेबलावर ठेवला होता आणि चार दिवसांत पत्ता मिळाला होता. नीट भाषेत मागितलं की मिळतं, असा त्यावरून त्यानं निष्कर्षही काढला होता.

बजरंगचं ऑफिस एसटी स्टँडसमोरच्या बोळात होतं. ऑफिस कसलं, जुन्या सेटटॉप बॉक्सची अडगळ आणि मध्ये एक खुर्ची. बजरंग खाली मांडी घालून पिवळी वायर सोलत बसला होता. मृत्युंजयला बघून तो उठला, खुर्ची हातानं झटकली. “बसा की साहेब.” मृत्युंजय बसला नाही. उभ्या उभ्या त्यानं विचारलं, की आमच्या घराचा पब्लिक पत्ता कोणाला विचारून काढला. वाक्यात चार इंग्रजी शब्द जास्त घातले, गडी जरा चाचपडावा म्हणून. बजरंग चाचपडला नाही.

“तो आता छबुबाईला दिलाय,” तो म्हणाला.

“कोणाला?”

“तुमच्या शेजारच्या. गिरणीवाल्या छबुबाई. साहेब, मला वरून खरे नंबर मिळत्यात पाच. बाकी समद्या गावाला एकच. पाचातला एक पतसंस्थेला, दोन डाक्टर लोकांना, एक माजा. आन् एक आप्पांना दिलता. तुमच्या गच्चीवर माजा वायरी जोडायचा डबा व्हता ना, त्याचं.”

“मी अर्ज दिला होता.”

“व्हय. तो हाय की अजून,” बजरंग म्हणाला आणि त्यानं खरोखरच मागच्या फळीवरून तो काढून दाखवला. दोन पानं, टाचणीसकट, उघडलेलीसुद्धा नव्हती. “मला काय इंग्रजी येतं, साहेब? तुमी अर्ज ठिवून गेले आन् दुसऱ्या दिशी आप्पा आले. म्हनले, पोराला काय लागतं ते मला कळत न्हाई, तुला कळतं, ते दे. डबा राहू दे गच्चीवर, लाइट बी माझीच वापर. मी दिला नंबर. मंग धा दिसाखाली तुमीच म्हनले, हे वायरीचं जंगल काढ. मी काढलं. छबुबाईनं गच्ची दिली, तिला दिला. गच्ची जिची, नंबर तिचा. आप्पांपासून तसंच हाय.”

जंगल काढ, असं तो म्हणाला होता खरा. रंगाऱ्यासमोर, गच्चीवर उभा राहून, बोटानं दाखवत. बजरंगनं तेव्हा ‘बरं’ म्हणून संध्याकाळच्या आत डबा उतरवला होता, आणि मृत्युंजयला वाटलं होतं, बघा, या लोकांशी असंच बोलावं लागतं. “मग नंबर जाईल हे सांगायचं नाही का?”

“तुमी इंजिनेर. तुमाला ठावं आसंल म्हनलं,” बजरंग म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर टोमण्याची एक रेघही नव्हती. मृत्युंजयनं ती फार शोधली. तेवढी सापडली असती तर त्याचं काम सोपं झालं असतं.

“छबुबाई काय करते त्या नंबराचं?”

“काय न्हाई. सिरेली बघती.” मग बजरंगनं सांगितलं की नंबर परत फिरवायचं काम बीडहून होतं, आज रविवार, उद्या दहाला करून टाकतो, आणि डबा परत गच्चीवर आणायचीही घाई नाही, सवडीनं बघू. छबुबाईकडून तुमच्या घरापर्यंत वायर टाकून दिली असती, पण पोरं आणि वायरचं बंडल दोन्ही लिंबागणेशला नव्या कनेक्शनवर गेलेत. “आजच पायजे का?” त्यानं विचारलं. “आज चारला पुण्याची मीटिंग आहे,” मृत्युंजय म्हणाला. “मंग मशीनच उचला आन् छबुबाईकडं ठिवा. दहा पावलं हाय. किती जनं येनार हायत खेळायला?” बजरंग म्हणाला, आणि त्यानं जीभ चावली.

बोळातून एक जीप हॉर्न वाजवत गेली.  “आप्पांनीच सांगितलतं,” बजरंग वायरीकडं बघत म्हणाला. “म्हनले, नोकरी कवाच गेली त्याची. गेम खेळतंय पुण्याच्या पोरांसंगं. खेळू दे, त्याला तेवढंच हाय. पर कुनी इचारलं तर पुण्याचं काम हाय म्हनायचं. मन नका लावून घेऊ साहेब. गल्लीत समद्यांना ठावं हाय.”

बोळातून घरापर्यंतचं अंतर सात मिनिटांचं. त्या सात मिनिटांत मृत्युंजयला चार वर्षं पुन्हा एकदा, उलट्या बाजूनं जगावी लागली. पुण्याचं काम कसं चाललंय, असं विचारणारा दोरवाला म्हातारा. पुण्याचं काम कसं चाललंय, असं मयताच्या दिवशी, खांद्यावर हात ठेवून विचारणारे आप्पांचे मित्र. दळण घेऊन जाता जाता मुद्दाम थांबून विचारणाऱ्या बायका. तो ज्यांना मूर्ख समजत होता ते सगळे एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या शब्दाखातर रोज त्याच्यासमोर मूर्ख व्हायचं काम करत होते, कोणी चुकत नव्हतं, कोणी हसत नव्हतं. आणि आई? आई बंद दाराबाहेर चहाचा कप ठेवून, एकदाच हळूच टिचकी मारून जायची. मीटिंगमध्ये व्यत्यय नको म्हणून. त्याला आधी आप्पांचा संताप आला. हा माणूस मेल्यावरही विचारत आणि सांगत सुटला होता. मग त्याला या गावाचा संताप आला, ज्याला एक साधं खोटं उघडं पाडण्याइतकीही हिंमत नव्हती. संतापून संतापून तो गल्लीच्या तोंडाशी आला आणि त्याच्या लक्षात आलं, की या सगळ्यांत फसलेला माणूस एकच होता, आणि तो स्वतःला इंजिनियर म्हणवत होता. एवढं झाल्यावर शरमेनं घरी जाऊन पडणारा माणूस वेगळा. मृत्युंजयनं घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते. केज गेलं खड्ड्यात. ते पाच जण तर अजून हातात होते. शरम नंतर करता आली असती. त्यानं टेबलाखालचा कॉम्प्युटर उपसला, पडदा काखेत मारला आणि दोन खेपांत दोन्ही छबुबाईच्या गिरणीत नेऊन ठेवले.

छबुबाई साठीची, पिठानं भुवया पांढऱ्या झालेली बाई. “या साहेब, बजरंगाचा फोन आलता,” एवढंच म्हणाली आणि ज्वारीचं पोतं सरकवून तिनं राउटरखाली जागा करून दिली. गिरणीत त्या दिवशी गर्दी होती. ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे दिवस, चार-सहा महिन्यांसाठी बाहेर पडायचं म्हणून बायका पोत्यानं बाजरी घेऊन आल्या होत्या. मृत्युंजयनं तेलाच्या डब्यावर बसून सूचना लिहिली. बाहेरचा पत्ता बघितला, आधी तोच बघितला; खरा होता. तपासणाऱ्या पानावर इतक्या दिवसांनी हिरवी अक्षरं उमटली आणि त्याच्या छातीत लहान मुलासारखं काहीतरी उडालं. तेवढ्यात छबुबाईनं बटण दाबलं, मोटर घरघरली, वरचा दिवा डोळा मिटल्यासारखा झाला आणि कॉम्प्युटर धाडकन बंद पडला. मोटर उठताना लाइन बसत होती. घरी इन्व्हर्टर होता, त्यामुळं असलं काही कधी त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. त्यानं पुन्हा चालू केला. पुढच्या पोत्याला पुन्हा तेच. पावणेचार वाजले. तो काळ्या पडद्याकडं नुसता बघत बसला. छबुबाईनं एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं, आणि खटका खाली ओढला. पट्टा फटफट करत थांबला.

“पाचपर्यंत गिरणी बंद,” ती बायकांना म्हणाली. “साहेबांचं पुण्याचं काम हाय.”

कुणी का म्हणून विचारलं नाही. बायका आपापल्या पोत्यांना टेकून भिंतीकडेला बसल्या. चारला केदारनाथ आला, मग हैदराबादचा, मग एकेक करत पाचही जण बंदरावर उतरले. मोबाइलवरच्या कॉलवर, कानातल्या वायरीतून, आरडाओरडा झाला. “आला रे! बॉस, मानलं तुला! काय होतं एवढं?” “काही नाही, राउटरमध्ये किरकोळ,” मृत्युंजय म्हणाला, आणि आपला आवाज किती सफाईनं निघाला ते त्यानं ऐकलं. केदारनाथ म्हणाला, “तू आहेस म्हणून हे शहर आहे यार.” हेच ऐकायला तो आठवडाभर तडफडला होता. ऐकलं, आणि ते पुरलं नाही. त्यानं एका कानातली वायर काढली. गिरणी इतकी शांत होती की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. एक तरुण बाई काहीतरी सांगून खुदकन हसली, तिला दुसरीनं दटावलं, “हळू बोल, साहेब कामात हायत.” पोत्याला टेकून बसलेल्या एकीनं छबुबाईला हलक्या आवाजात विचारलं, पाचला नक्की ना, आणि छबुबाई म्हणाली, “रतनबाई, तुमची गाडी कितीला हाय?” “पाचलाच की,” रतनबाई म्हणाली. “असू द्या. न्हाई झालं तर बाजरी तशीच नेऊ. तिकडं कुटंतरी दळू.” तिच्या पायाशी नवा कोयता होता, त्याला मृत्युंजयच्या दुकानाचा सुतळीचा तोच वेढा होता. तिनं तो त्याच्याकडूनच घेतला असणार आणि त्यानं तिच्याकडं पाहिलंही नसणार. पडद्यावर पाच खोटी माणसं खोट्या दिव्यांभोवती उड्या मारत होती. त्याला वाटलं, यांच्यापैकी एका बाईनं जरी आता त्याच्या तोंडावर थुंकलं असतं तरी तो सुखानं तासभर खेळला असता. पण या बायका त्याला तेवढंही देणार नव्हत्या. त्या त्याच्यासाठी हळू बोलत होत्या. एवढी आपली लायकी नाही, हे त्याला अगदी स्वच्छ, दुखेल इतकं स्वच्छ कळलं.

“छबुबाई, गिरणी लावा,” तो म्हणाला.

“आवो, पर तुमचं काम—”

“काम न्हाई,” मृत्युंजय म्हणाला. पुण्याला गेल्यापासून त्याच्या तोंडून ‘न्हाई’ निघालं नव्हतं. “गेम हाय. तुमाला ठावं हाय ना?”

छबुबाईनं बायकांकडं पाहिलं, बायकांनी जमिनीकडं. “ठावं हाय,” ती म्हणाली. “पर तुमचं खेळून होस्तवर बसलो असतो की आमी.”

 त्यानं उठून रतनबाईचं पोतं धरलं, ते त्याला एकट्याला उचललं नाही, म्हणून रतनबाईनं दुसरा कोपरा धरला, आणि दोघांनी मिळून ते गिरणीच्या तोंडाशी नेलं. छबुबाईनं खटका वर केला. मोटर उठली, दिवा मंदावला, आणि त्याच्या पाठीमागं पडदा काळा झाला. कानात एकदम पाच आवाज घुसले, त्यातला केदारनाथचा सगळ्यात वर होता. “अरे, सगळे बाहेर फेकले गेलो! बॉस, काय झालं?”

“दळण लागलं,” मृत्युंजय म्हणाला.

“काय लागलं?”

“दळण!” तो ओरडला, कारण आता ओरडल्याशिवाय ऐकूच जात नव्हतं. “तू घे तुझा भाड्याचा.”